स्थूलता, आहार आणि स्तनाचा कर्करोग

आजारी माणसाला सकस खाऊ घालावे, ही आपल्याकडची जुनी रीत. माझ्या मावशीला गेल्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येकजण डिंकाचे लाडू नाहीतर साजूक तूप घेऊनच आला. डॉक्टर मात्र वजन वाढू देऊ नका म्हणत होते. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. पण या दोन सल्ल्यांतला विरोध मला स्वस्थ बसू देईना, म्हणून वाचू लागले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडते.

चरबी म्हणजे नुसते साठवणीचे कोठार, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती सतत काम करीत असते. स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक आधी मुख्यतः बीजांडकोशात तयार होते. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली बीजांडकोश काढून टाकल्यावर स्तनातील गाठ आक्रसते असे दाखवले, तेव्हा हे संप्रेरक कोणालाच ठाऊक नव्हते! रजोनिवृत्तीनंतर बीजांडकोश थंडावतात आणि ते काम बरेचसे मेदाकडे येते. मेदातील अ‍ॅरोमॅटेज नावाचे विकर इतर संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवते. मेद अधिक, तर इस्ट्रोजेनही अधिक. आणि पुष्कळशा गाठी त्याच्यावरच पोसतात.

या विकराला रोखणाऱ्या गोळ्या आज सर्रास दिल्या जातात. त्यांपैकी अ‍ॅनास्ट्रोझोल ही टॅमॉक्सिफेनपेक्षा सरस ठरली होती. परंतु २०१० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात स्थूल स्त्रियांमध्ये तिचा हा वरचढपणा कमी झालेला दिसला.

केमोथेरपीची गोष्ट निराळी आहे. तिची मात्रा उंची व वजनावरून काढतात. स्थूल रुग्णाला एवढे औषध सोसणार नाही, या भीतीने कित्येकदा हात आखडता घेतला जाई. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये प्रत्यक्ष वजनानुसार पूर्ण मात्रा द्यावी, असे सांगितले. म्हणजे जाड बाईला गुण कमी येतो, याचा थोडा दोष मोजणाऱ्या हाताकडेही जात होता.

८२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन लाखांहून अधिक रुग्ण स्त्रिया होत्या. रोगनिदानापूर्वी स्थूल असलेल्यांत एकूण मृत्यूंचे प्रमाण सामान्य वजनाच्या स्त्रियांहून ४१ टक्क्यांनी जास्त आढळले. हा आकडा ऐकून आमच्या शेजारणीने ‘खाऊनपिऊन ओढवून घेतलंन्’ असा निकाल दिला. तो मला अजून बोचतो. सडपातळ बायकांनाही हा रोग होतोच की!

आता आहार. अमेरिकेत याचे दोन मोठे प्रयोग झाले. पहिल्यात २,४३७ स्त्रियांपैकी काहींचा आहारातील स्निग्धांश कमी केला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यात रोग उलटण्याचा धोका सुमारे २४ टक्क्यांनी कमी होता, आणि त्यांचे वजनही थोडे उतरले होते. दुसऱ्यात ३,०८८ स्त्रिया होत्या. त्यांतील एका गटाला भाज्या, फळे, चोथायुक्त पदार्थ भरपूर दिले. वजन काही उतरले नाही. सात वर्षांनंतर, २००७ मध्ये, दोन्ही गटांत काहीच फरक दिसला नाही. फरक वजनामुळे पडला असावा असा तर्क यावरून करावासा वाटतो, पण तो तर्कच. उलट, केमोने अन्नच जात नाही अशा रुग्णाने उपास करणे घातक आहे. तिला चार घास खायलाच हवेत.

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापे छापली. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३, म्हणजे तंतोतंत सारखे. पण अंगातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. मापे पुरुषांची आहेत आणि विषय मधुमेहाचा होता, हे खरे. तरीही ती वाचल्यापासून, वजनाच्या काट्यावर ‘बरोबर’ ठरणाऱ्या आपल्याकडच्या बायकांत मेद किती असेल, हा प्रश्न मी आमच्या डॉक्टरांना विचारला. त्यांनी काट्याशेजारची मोजपट्टी उचलली आणि कंबरही मोजायला सांगितली.