पाळीव गेकोचे घर
लेपर्ड गेको ही अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारतातील कोरड्या, खडकाळ प्रदेशांत आढळणारी पाल होय. तिच्या बोटांना चिकट गाद्या नसल्याने ती जमिनीवरच वावरते. म्हणून पेटीचा तळ प्रशस्त हवा. तिच्या शरीराचे तापमान भोवतालावर अवलंबून असते. यास्तव पेटीचे एक टोक सुमारे ३२° से., दुसरे २५° से. राखून दोन्हीकडे आडोसे ठेवावेत. त्यांपैकी एक ओलसर असल्यास कात सुलभपणे निघते. ती बोटांवर अडकल्यास बोटे झडतात. थंड देशांत पेटी तापवावी लागते. भिलाईत मात्र मे महिन्यात पारा ४०° से.च्या वर जातो. अशा वेळी कृत्रिम उष्णता बंद करून पेटी सर्वांत थंड खोलीत ठेवावी. अन्यथा गेकोला आश्रयासाठी थंड टोकच उरत नाही व ती दगावते.