विज्ञानकथा : मित्रांना काय सुचवावं?

प्रश्न : आमच्या वाचनकट्ट्यावर सध्या कोण काय वाचतंय, याची दर महिन्याला देवाणघेवाण होते. मी विज्ञानकथा सुचवली की ‘आम्हाला विज्ञान झेपत नाही’ म्हणून मंडळी मागे सरतात. काय करावं?

उत्तर : थेट कादंबरी हातात देऊ नका, आधी एक कथा द्या. जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ मला यासाठी सर्वांत योग्य वाटते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ती त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली आणि ती पहिली आली. प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंदावतो, एवढं माहीत असलं की पुरे. आवडली तर त्यांचीच ‘वामन परत न आला’ ही कादंबरी आहेच.

ज्यांना इतिहास आणि राजकारण भावतं, त्यांना ल्यू त्सिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ द्या. इंग्रजी अनुवादाची सुरुवातच चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीनं होते. भर सभेत एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाचा छळ होऊन जीव जातो आणि त्याची मुलगी ते पाहत उभी असते. पुढचं सगळं या प्रसंगातून उगवतं. मूळ चिनी पुस्तकात हा भाग मध्यावर आहे. मला अनुवादातला क्रम जास्त भिडतो. मधली गणिताची पानं जड गेली तर खुशाल पुढे सरकावं.

आणि सुचवताना गोष्ट सांगू नका. ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’बद्दल ‘पृथ्वीवरून पाठवलेल्या संदेशाला उत्तर येतं,’ एवढंच सांगा नि पुस्तक त्यांच्या हाती द्या.