टोकियोत जेवावे कसे? खिशाला परवडणारे, प्रकृतीला मानवणारे

गेल्या काही वर्षांत आपल्याकडची मुले-मुली नोकरीनिमित्त जपानला जाऊ लागली आहेत. त्यांच्या मागोमाग आईवडीलही महिना-पंधरा दिवस जाऊन येतात. निघण्यापूर्वी ही मंडळी दवाखान्यात येतात, रक्तदाब तपासून घेतात, गोळ्या लिहून घेतात आणि उठता उठता हमखास विचारतात, "डॉक्टर, तिकडे जेवणाचं काय?" पूर्वी मी "मुलगा आहे ना, तो बघेल" असे म्हणून वेळ मारून नेत असे. पुढील प्रसंगानंतर ती सवय सोडली.

माझे एक जुने रुग्ण निवृत्त पोस्टमास्तर आहेत. वय बासष्ट, बारा वर्षांचा मधुमेह, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू. ते पत्नीसह मुलाकडे टोकियोला गेले. मुलगा कामावर गेला की दोघे फिरायला निघत. हॉटेलबाहेरची पाटी वाचायची आणि मनातल्या मनात येनचे रुपये करायचे. हजार येनची थाळी म्हणजे पाच-सहाशे रुपये. "एवढ्यात आपल्याकडे घर जेवतं," असे म्हणून पुढे चालू लागायचे. तिसऱ्या दिवशी सकाळची गोळी घेतलेली, नाश्ता दोन बिस्किटांचा आणि असाकुसाच्या देवळाभोवती चार तास पायपीट. दुपारी तीनला भूक असह्य झाली तेव्हा जवळची हॉटेले बंद. घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. बाईंनी रस्त्यावरच्या यंत्रात नाणी टाकून बाटली काढली आणि अर्धी पाजली. काही फरक पडेना. पडणार कसा? तो बिनसाखरेचा हिरवा चहा होता! शेवटी पर्सच्या तळाशी विमानातल्या साखरेच्या चार पुड्या सापडल्या. त्या पाण्यात कालवून पाजल्या, तेव्हा पंधरा मिनिटांनी माणूस भानावर आला.

परत आल्यावर त्यांनी ही हकिगत हसत हसत सांगितली. मला मात्र हसू आले नाही. गोळी केव्हा घ्यायची ते मी सांगितले होते. जेवण कुठे आणि किती वाजता मिळेल, हे सांगितले नव्हते. पुढच्या वर्षी मलाही दहा दिवस टोकियोला जाण्याचा योग आला. तेव्हा मुद्दाम लक्ष देऊन पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो.

मुख्य जेवण दुपारी घ्या

टोकियो महाग हा समज रात्रीच्या जेवणापुरता बराचसा खरा आहे. तीच हॉटेले दुपारी मात्र स्वस्तात जेवू घालतात. 'तेइशोकु' म्हणजे तिथली थाळी. भात, मिसो नावाचे सोयाबीनच्या आंबवणाचे सूप, मासा किंवा मांसाचा एक पदार्थ आणि लोणचे. आठशे ते बाराशे येनमध्ये पोटभर जेवण होते. पाणी किंवा चहा बहुधा फुकट. बक्षिसी द्यायची पद्धत नाही. दाराशी काचेत पदार्थांचे हुबेहूब नमुने किंमतीसह मांडलेले असतात, त्यामुळे भाषा येत नसली तरी बोट दाखवून भागते. काही ठिकाणी दारातल्या यंत्रात पैसे टाकून आधी तिकीट घ्यावे लागते.

महत्त्वाची गोष्ट वेळेची. पुष्कळ लहान हॉटेले साडेअकरा-बाराला उघडतात, दोन-अडीचला बंद होतात आणि पुन्हा पाचनंतर सुरू होतात. मधुमेही माणसाने एकच्या आत जेवायला बसावे.

सकाळसाठी योशिनोया, मात्सुया, सुकिया अशी साखळी दुकाने आहेत. पैकी योशिनोया १८९९ साली टोकियोच्या निहोनबाशी मासळीबाजारात सुरू झाले. इथे सकाळी भाजलेला मासा, भात आणि सूप असा नाश्ता थाळीच्या निम्म्या किंमतीत मिळतो. मात्र त्यांचा मुख्य पदार्थ 'ग्यूदोन' हा गोमांस घातलेला भात आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी चित्रावर विसंबू नये, विचारावे. 'ग्यूनिकु' म्हणजे गोमांस, 'बुतानिकु' म्हणजे डुकराचे मांस, 'तामागो' म्हणजे अंडे.

रात्री 'इझाकाया' या मद्यालयवजा हॉटेलात बसलात, तर न मागता एक छोटी वाटी पुढे येते आणि तिचे तीन-चारशे येन बिलात लागतात. ती फसवणूक नव्हे, तिथली रीत आहे. पण खर्चाचा अंदाज चुकतो.

दुकानातले तयार अन्न

सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट ही दुकाने जागोजागी आहेत आणि बहुतेक रात्रंदिवस उघडी असतात. 'ओनिगिरी' म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेला भाताचा त्रिकोणी गोळा. किंमत दीडशे-दोनशे येन. तिथले ताजे डबे शिळेपाके नसतात, पाकिटावर तारीख आणि बहुधा वेळही छापलेली असते.

डॉक्टर म्हणून मला सर्वांत आवडले ते पाकिटावरचे आकडे. उष्मांक, प्रथिने, स्निग्धांश, कर्बोदके आणि मीठ या क्रमाने ते छापलेले असतात. अक्षरे वाचता आली नाहीत तरी क्रम लक्षात ठेवा, चौथा आकडा कर्बोदकांचा आणि पाचवा मिठाचा. एका ओनिगिरीत साधारण चाळीस ग्रॅम कर्बोदके असतात. मधुमेह्याने एक ओनिगिरी आणि जोडीला उकडलेले अंडे किंवा टोफू घ्यावे, तीन ओनिगिरी नव्हे.

मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात खाद्यपदार्थांचा बाजारच असतो. बंद होण्याच्या सुमारास तिथे आणि सुपरमार्केटमध्ये डब्यांवर वीस टक्के, तीस टक्के, शेवटी निम्म्या किंमतीच्या चिठ्ठ्या लागतात. अन्न त्याच दिवसाचे, किंमत अर्धी. मात्र ते त्याच रात्री संपवावे. बाहेर नेण्याच्या अन्नावर ८ टक्के कर आहे, बसून खाल्ल्यास १० टक्के.

शाकाहारी मंडळींसाठी

इथे मनाची तयारी हवी. वाळवलेल्या माशाचा अर्क, म्हणजे 'दाशी', हा जपानी स्वयंपाकाचा पाया आहे. वरून निव्वळ शाकाहारी दिसणाऱ्या सुपात, नूडल्सच्या रश्श्यात, भाजीतही तो असतो. "मांस नको" म्हटले तरी मासा वगळला जातोच असे नाही. साधा भात, भाजलेले रताळे, टोफू, दूध, केळी हे निर्धोक. एदोगावा भागातील निशी-कासाई येथे पुष्कळ भारतीय कुटुंबे आहेत आणि आपला किराणाही मिळतो. २०१९ साली याच एदोगावाच्या स्थानिक सभेवर मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक निवडून आले. भारतीय पद्धतीची हॉटेले तर शहरभर आहेत. दुपारी हजार येनच्या आसपास करी आणि नान मिळते. पुष्कळ ठिकाणी "नान कितीही घ्या" असे असते. मधुमेह्यांनी या उदारतेपासून सावध राहावे!

घरून भाजणी, चटणी, मेतकूट नेता येते. फळे, भाज्या आणि मांसाचे पदार्थ मात्र नेऊ नयेत, विमानतळावर अडचण होते.

रक्तदाबवाल्यांसाठी

दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रामेन नूडल्सचा एक वाडगा रश्श्यासकट संपवला, तर तेवढे मीठ एका बैठकीत पोटात जाते. चमचाभर सोया सॉसमध्येही दोन-अडीच ग्रॅम मीठ असते. उपाय सोपा आहे. नूडल्स खा, रस्सा वाडग्यात ठेवा. सॉस पदार्थावर ओतू नका, टोक बुडवा. गर्भवतींनी कच्चा मासा टाळावा.

गोळी आणि घड्याळ

जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्यावे. जेवण समोर येण्याची खात्री असल्याशिवाय अशी गोळी घेऊ नये. खिशात ग्लुकोजची पूड किंवा साखर ठेवावी, पर्सच्या तळाशी नव्हे. घाम, थरथर, गोंधळ जाणवताच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी आणि मग काही तरी खावे. माणूस बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये, ११९ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. यंत्रातली बाटली घेताना लक्षात ठेवा, तिथला बाटलीबंद हिरवा चहा बहुधा बिनसाखरेचा असतो. संत्र्याचा रस किंवा साधा कोला घ्यावा.

थाळीचे पाचशे रुपये जड वाटतात हे मला मान्य आहे. पण लाखभराचा प्रवास करून जेवणावर काटकसर करणे म्हणजे दोर विकत घेऊन बादली न घेण्यासारखे आहे. आपले पोस्टमास्तर यंदा पुन्हा जात आहेत. परवा गोळ्या लिहून घ्यायला आले तेव्हा त्यांनी सदऱ्याचा खिसा पुढे केला. आत ग्लुकोजची पुडी होती. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, या वेळी रुपयांचा हिशेब मी करणार नाही आणि यांनाही करू देणार नाही. बारा वाजले की जेवायला बसायचं." याहून चांगले वेळापत्रक मलाही लिहून देता आले नसते.