मामांची वेबसाइट कुठं गेली?

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)

नेटवर्कचा विषय आपण सगळेच शिकतो. सात थरांची आकृती पाठ करायची, पेपरात पट्टीनं रेघा मारून काढायची आणि बाहेर आल्यावर विसरून जायची! मीही तेच केलं होतं, मार्कही बरे पडले होते. पण मे २०२४ मध्ये सुट्टीला सोनपेठला मामांकडे गेलो आणि तिथं माझी खरी तोंडी परीक्षा झाली. परीक्षक होते मामा, शिक्षण नववी नापास.

सोनपेठ म्हणजे परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. गोदावरीच्या काठचा तालुका, कापूस-सोयाबीन-ऊस ही पिकं, परळी जवळ. मामांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, शिवाय नवीन पंपही विकतात. उन्हाळ्यात पाणी खोल जातं, व्होल्टेज पडतं, मोटार जादा करंट ओढते आणि कॉइल जळते. त्यामुळे दुनियेला सुट्टी असते तेव्हा मामांचा सीझन असतो.

मी गेलो त्याच दिवशी त्यांनी व्हिजिटिंग कार्ड पुढं केलं. "भाचेबुवा, तुम्ही कॉम्प्युटरचे इंजिनेर ना? ही मपली येबसाइट बघ बरं. उघडंना झाली." २०२१ मध्ये एका माणसानं त्यांना ती बारा हजारांत करून दिली होती. कार्डावर, बिलबुकावर आणि एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात तिचं नाव रंगवलेलं.

मी म्हणालो, "दहा मिनिटांत करतो मामा."

आता हे दहा मिनिटांचं काम तीन आठवडे कसं चाललं आणि शेवटी काय झालं, ते सांगतो. त्यातच वेबसाइट चालते कशी हेही येईल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. इंटरनेट आणि वेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंटरनेट म्हणजे रस्ते: तारा, फायबर, टॉवर, राउटर आणि त्यावरून जाणारी माहितीची छोटी छोटी पाकिटं. एका पाकिटात साधारण १५०० बाइट मावतात. भारतात सामान्य माणसाला हे रस्ते १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं खुले केले. वेब ही त्या रस्त्यावरून धावणारी एक गाडी. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये तिची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्ननं ती सगळ्या जगाला फुकट देऊन टाकली. त्याच रस्त्यावरून ई-मेलही जातो, व्हॉट्सअॅपही जातं. म्हणून "व्हॉट्सअॅप चालतंय, मग येबसाइट का नाही?" या मामांच्या प्रश्नातच निम्मं उत्तर होतं. रस्ता चालू होता, बिघाड पुढं होता.

मी लॅपटॉप काढून मामांच्या साइटचं नाव देऊन 'पिंग' मारलं. उत्तर आलं, असं नावच सापडत नाही. सर्व्हर बंद असता तर आधी त्याचा नंबर मिळाला असता आणि मग वेळ संपल्याचा निरोप आला असता. इथं तर नंबरच मिळेना!

नंबर कसला? तर नेटवर प्रत्येक यंत्राला आयपी नंबर असतो. जुन्या पद्धतीचे असे नंबर एकूण ४२९ कोटींच्या आसपास. ते कमी पडायला लागले म्हणून १२८ बिटांची नवी पद्धत आली. माणसाला नंबर लक्षात राहत नाहीत म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस तयार केलं. कुणी मामांच्या साइटचं नाव टाकलं, की मोबाइल कंपनीचा सर्व्हर आधी मूळ सर्व्हरला विचारतो (ही 'ए' ते 'एम' अशी तेरा नावं आहेत). तो म्हणतो, मला माहीत नाही, डॉट कॉमवाल्यांना विचार. डॉट कॉमवाले म्हणतात, या नावाचा हिशोब अमक्या सर्व्हरकडे आहे, तिकडं जा. तो शेवटी नंबर देतो. आपल्याकडं नवीन माणूस पत्ता विचारत येतो तसंच की! स्टँडवर विचारलं तर ते म्हणतात चौकात विचारा, चौकातला म्हणतो त्या टपरीवर विचारा. आणि एकदा मिळालेला नंबर ठरावीक काळ लक्षात ठेवला जातो, त्यामुळे हा सगळा फेरा दरवेळी होत नाही.

मामांच्या बाबतीत डॉट कॉमवाल्यांच्या वहीतूनच नाव गायब होतं. मग नावाची नोंद तपासली. तेव्हा त्यासाठी 'हूइज' वापरायचे. जानेवारी २०२५ पासून तिची अधिकृत जागा 'आरडॅप'नं घेतली आहे. नोंद सांगत होती: मुदत संपली १८ मार्च २०२४, स्थिती 'रिडेम्प्शन'. त्या दिवशी तारीख होती १३ मे.

इथं मला पहिल्यांदा घाम फुटला. वेबसाइट ही एक वस्तू नसते, तीन असतात. नाव, जागा आणि माल. नाव म्हणजे डोमेन. ते विकत मिळत नाही, वर्षाच्या बोलीवर मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं. जागा म्हणजे होस्टिंग, कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या चोवीस तास चालू संगणकावरचा भाड्याचा कोपरा. माल म्हणजे पानं आणि फोटो. तिन्हींचे मालक वेगवेगळे असू शकतात. मामांना वाटत होतं बारा हजारांत तिन्ही आपली झाली. प्रत्यक्षात नाव नोंदवलं होतं ते त्या बनवणाऱ्यानं, स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या ई-मेलनं. मुदत संपत आल्याच्या सूचना गेल्या असतील त्या त्यालाच. आणि त्याचा फोन बंद!

डोमेन कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन केला. समोरच्या मुलीनं शांतपणे सांगितलं, खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्याशीच आम्ही बोलू. मामांनी फोन हातातून ओढून घेतला. "ताई, दुकान मपलं, नाव मपलं, पैसे म्या दिले. मग मालक दुसराच कसा?" त्यावर ती काय बोलणार?

त्या रात्री मला एक युक्ती सुचली. बनवणाऱ्याची स्वतःची साइट चालू होती. म्हटलं, मामांची पानं बहुतेक त्याच सर्व्हरवर असतील. प्रत्येक संगणकात 'होस्ट्स' नावाची एक साधी मजकुराची फाइल असते; डीएनएसला विचारण्याआधी संगणक तिच्यात बघतो. मी तिच्यात त्या सर्व्हरचा नंबर आणि पुढं मामांच्या साइटचं नाव लिहिलं. एका सर्व्हरवर शेकडो साइट असतात, पण ब्राउझर मागणी करताना नाव सोबत पाठवतो, त्यावरून सर्व्हर ओळखतो की कुणाचं पान द्यायचं. एंटर मारलं. प्रमाणपत्राची मुदत संपल्याचा इशारा आला, तो ओलांडून पुढं गेलो, आणि दुकानाचा फोटो, त्यात दारात उभे मामा! मामी स्वयंपाकघरातून धावत आल्या. मामा म्हणाले, "आली की रं!"

मग मला सांगावं लागलं की ती फक्त ह्याच लॅपटॉपवर आली आहे, बाकी जगाला दिसत नाही. मामांनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे मोटार चांगली हाय, डीपीवरून वायर तुटली." डीएनएसची इतकी चांगली व्याख्या मला कुठल्याच पुस्तकात मिळाली नव्हती. मी तेवढ्यात सगळी पानं आणि फोटो उतरवून घेतले. माल तरी हाती लागला.

आता नावाकडं. डॉट कॉमची मुदत संपली की लगेच नाव जात नाही. कंपनी साधारण ४५ दिवसांपर्यंत सवलत देऊ शकते, त्यात नेहमीच्या पैशात नाव परत मिळतं. नंतर ३० दिवस रिडेम्प्शन, तेव्हा दंड भरावा लागतो. नंतर ५ दिवस 'पेंडिंग डिलीट', आणि मग नाव कुणालाही खुलं. आमचे ५६ दिवस झाले होते.

दुसऱ्या आठवड्यात बनवणाऱ्यानं फोन उचलला. दंड आणि त्याची मेहनत धरून चौदा हजार मागितले. मी म्हणालो, देऊन टाका आणि नाव स्वतःकडं घ्या. मामा पेटले. "मपल्याच नावाची खंडणी देऊ?" त्यांचं चुकत होतं असं मला आजही म्हणवत नाही, पण नेटच्या वहीत रागाला रकाना नाही. दिवस जात राहिले. मीही जोर लावला नाही, कारण मी हिशोब केला होता: ३० अधिक ५, म्हणजे ५ जूनपर्यंत वेळ आहे.

लोकसभेच्या मतमोजणीच्या आदल्या दिवशी, ३ जूनला, मामा स्वतःहून म्हणाले, "दे बाबा पैसे. भिंत रंगवली ती काय पुसायची?" बनवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, आता होत नाही. मी नोंद पाहिली. पेंडिंग डिलीट. ते शेवटचे पाच दिवस सवलतीचे नसतात हो! त्यात नाव कुणालाच सोडवता येत नाही, मालकालाही नाही. खरी मुदत १ जूनलाच संपली होती. मी नियम अर्धाच वाचला होता.

६ जूनला नाव खुलं झालं. मी नोंदवायला बसलो होतो, पण अशी सुटणारी नावं पकडायला काहींनी प्रोग्रॅम लावून ठेवलेले असतात. मी पान ताजं करेपर्यंत नाव गेलेलं. आज तिथं इंग्रजी जाहिराती दिसतात आणि 'हे नाव विकणे आहे' असं लिहिलेलं असतं. मामा त्यावर मला एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मग नवीन नाव घ्यायचं ठरलं. मामांना मराठीतच हवं होतं. डॉट भारत हे देवनागरीतलं टोक २०१४ पासून मिळतं, पण डीएनएसच्या आत मराठी अक्षरं जात नाहीत. त्यांचं 'प्युनीकोड' नावाच्या रोमन अक्षरांत रूपांतर होतं. शिवाय गिऱ्हाइकांपैकी बरेच जण मराठी कीबोर्ड न वापरता बोलून शोधतात किंवा इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. शेवटी डॉट इन घेतलं (हे टोक २००५ पासून सर्वांना खुलं आहे), मामांच्या ई-मेलनं, मामांच्या नावावर, पासवर्ड मामांच्या वहीत.

माझी पहिली साइट मात्र फसली. मी चौदा फोटो मोबाइलवरून काढले तसेच टाकले, प्रत्येकी ४ एमबी. एकूण ५६ एमबी. शेतात जिथं जेमतेम १ एमबीपीएस मिळतं तिथं ते उघडायला साडेसात मिनिटं लागतात! तोवर माणूस दुसऱ्या दुकानात पोचतो. फोटो लहान करून प्रत्येकी १०० केबीवर आणले. तेच पान आता अकरा-बारा सेकंदांत येतं. सर्व्हरही मुंबईतला घेतला. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे नुसत्या एका जाण्या-येण्यात ६५ मिलिसेकंद. एका पानासाठी अशा अनेक खेपा होतात. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळालं. ते ९० दिवसांचं असतं, पण आपोआप नवं होण्याची सोय लावता येते. ते नसेल तर २०१८ पासून क्रोम 'सुरक्षित नाही' असं दाखवतो आणि गिऱ्हाईक बिचकतं.

पानावर काय ठेवायचं हा प्रश्न याहून अवघड निघाला. तेव्हा सेमिनारसाठी वाचलेली वारणेची गोष्ट आठवली. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातल्या ७० गावांत १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प झाला. गावोगाव संगणक बसवले, शेतीची माहिती, बाजारभाव, सगळं देण्याचा बेत होता. पण शेतकरी मुख्यतः आपल्या उसाच्या हिशोबासाठीच तिथं यायचे. पुढं मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या लोकांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून तेच काम करून दाखवलं, आणि ते स्वस्तात झालं.

मी दुकानात बसून तीन दिवस येणारे फोन वहीत लिहिले. 'आज दुकान उघडं हाय का?' आणि 'मपली मोटार झाली का?' हेच दोन प्रश्न सगळ्यात जास्त. कंपनीचा इतिहास कुणीच विचारला नाही. तेव्हा आता साइटवर वर मोठा फोन नंबर, दाबला की लागतो. खाली आज दुकान चालू-बंद, आणि पावती क्रमांक टाकला की मोटार तयार आहे की नाही एवढंच. ही यादी मामी रोज संध्याकाळी मोबाइलवरून भरतात. 'आमच्याविषयी' हे पान मी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, ते काढून टाकलं.

डोमेनचे पाच वर्षांचे पैसे एकदम भरलेत. मुदतीची तारीख मामांनी एलआयसीच्या हप्त्याच्या खाली लिहून ठेवली आहे. भिंतीवरचं जुनं नाव अजून तसंच आहे. रंगारी दोन हजार मागतो, आणि मामा म्हणतात पंधराशेच्या वर एक रुपया देणार नाही.