हरभऱ्याची उंची नको, घाटे मोजा

दौंडच्या कालव्याखालच्या रानात उसाच्या बेवडावर हरभरा केला की तो डिसेंबरात मांडीला लागतो. येणारा-जाणारा बांधावर थांबून बघतो. खळ्यात मात्र पोती भरत नाहीत. उलट शिरूरकडच्या मध्यम रानात गुडघ्याखाली राहिलेला हरभरा कधी कधी जास्त उतारा देऊन जातो.

एक झाड उपटून बघा म्हणजे कारण कळेल. माजलेल्या झाडाचा खालचा निम्मा भाग नुसत्या काडीचा, घाटे काय ते वर. बुटक्या झाडाला बुडापासून फांद्या, फांद्यांना पुन्हा फांद्या आणि घाटे त्यांवरच लगडलेले. उत्पादनाचं खरं नातं आहे ते या घाट्यांच्या संख्येशी. उंचीशी ते फार सैल आहे.

हिशेब करा. ३० बाय १० सेंटिमीटरवर एकरी सुमारे १ लाख ३३ हजार झाडं बसतात. घाट्यात सरासरी एक दाणा आणि शंभर दाण्यांचं वजन २० ग्रॅम धरलं, तर झाडामागे १० घाटे वाढले की एकरी अडीच क्विंटलांहून जास्त फरक पडतो. टपोऱ्या दाण्याचा मोह असतोच, पण दाणा मोठा झाला की घाटे बहुधा कमी होतात. बियाणंही जास्त लागतं: ‘विजय’ला एकरी २६ ते २८ किलो, ‘विशाल’ आणि ‘दिग्विजय’ला ४० किलो. राहुरीच्या विद्यापीठाचा ‘फुले विक्रम’ उंच आहे, पण ती उंची यंत्राने काढणी करता यावी म्हणून.

बागायती पेरणी २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबरदरम्यान उरका. पहिलं पाणी तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी, पुढचं घाटे भरताना. आवर्तन आलं म्हणून पाणी सोडू नका, आणि भेगा पडेपर्यंत थांबूही नका. फुलोऱ्याआधी शेंडे खुडले की बगलेतून फांद्या फुटतात, शिवाय भाजी घरात येते.

घरचं बियाणं धरणार असाल तर बांधाकडेचं जोमदार झाड निवडू नका. त्याला मोकळी हवा, जास्त ऊन मिळालेलं असतं. तो गुण बियाण्याचा नव्हे. वावराच्या मधोमध, दाटीत उभं राहूनही घाट्यांनी लगडलेली, मर न लागलेली झाडं काढणीआधीच चिंध्या बांधून ठेवा आणि वेगळी झोडपा.