संगणक सुरू होत नाही तेव्हा : दोषाचा शोध आणि माहितीचे रक्षण

घरातील संगणक हे आता केवळ करमणुकीचे साधन राहिलेले नाही. दुकानाचे हिशेब, शेतीच्या नोंदी, मुलांचा अभ्यास, निरनिराळ्या दाखल्यांच्या प्रती आणि कुटुंबाची छायाचित्रे यांचे ते दप्तरच बनले आहे. असा संगणक काम चालू असताना एकाएकी बंद पडला आणि पुन्हा सुरूच होईना, तर घरात गोंधळ उडणे साहजिक आहे. या गोंधळात पुष्कळदा दोन चुका होतात. एक म्हणजे बटण पुन्हा पुन्हा दाबत राहणे. दुसरी आणि अधिक नुकसानीची चूक म्हणजे ‘सगळे पुसून विंडोज नव्याने टाका’ असे दुरुस्ती करणाऱ्यास सांगून मोकळे होणे. यंत्राचा बिघडलेला भाग बाजारात मिळतो. पुसली गेलेली माहिती मिळत नाही. म्हणून माहिती वाचविणे हे पहिले काम आणि यंत्र सुरू करणे हे दुसरे, हा क्रम ध्यानात ठेवावयास हवा.

सुरू होण्याच्या चार पायऱ्या

बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत संगणक ठरावीक क्रमाने काम करतो. प्रथम एसएमपीएस हा भाग घरातील २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. नंतर मदरबोर्डवरील चिपमध्ये कायम साठविलेला आरंभीचा प्रोग्रॅम प्रोसेसर, रॅम इत्यादी भागांची तपासणी करतो. जुन्या यंत्रांत यास बायोस म्हणतात. नव्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. तिसऱ्या पायरीवर हा प्रोग्रॅम हार्ड डिस्क किंवा एसएसडी शोधतो. चौथ्या पायरीवर तेथील विंडोज अथवा लिनक्स ही कार्यप्रणाली रॅममध्ये येऊन कामास लागते. यांपैकी कोणत्या पायरीवर काम थांबले हे ओळखले, की दोषाचा निम्मा शोध लागला असे समजावे.

दिवाही नाही, पंखाही नाही

बटण दाबूनही कोणतीच हालचाल दिसत नसेल, तर दोष विजेच्या मार्गात असतो. त्याच सॉकेटला दुसरे उपकरण लावून पाहावे. केबल घट्ट बसली आहे काय आणि एसएमपीएसच्या मागील बाजूचे बटण चालू आहे काय, हे तपासावे. लॅपटॉपच्या बाबतीत चार्जर काढून चालू करण्याचे बटण सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावे व नंतर चार्जर लावून पुन्हा प्रयत्न करावा. एसएमपीएसची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. वीज बंद केल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक असू शकतो.

पंखा फिरतो, पण पडदा काळा

येथे प्रथम मॉनिटरची केबल पाहावी. त्यानंतर प्रिंटर, पेन ड्राइव्ह आदी बाहेरची उपकरणे काढून ठेवावीत. काही यंत्रे अशा वेळी ठरावीक संख्येने ‘बीप’ आवाज करतात. त्यांचा अर्थ निर्मात्यागणिक वेगळा असल्याने तो माहितीपुस्तिकेत पाहावा.

रॅम सैल होणे किंवा तिच्या संपर्कपट्टीवर मळ बसणे हे या दोषाचे नेहमी आढळणारे कारण आहे. वीज बंद करून प्लग काढावा आणि पेटीच्या धातूच्या भागास स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युत उतरवावी. मग रॅम काढून तिची पट्टी मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसावी आणि दोन्ही बाजूंचे खटके लागेपर्यंत ती पुन्हा बसवावी. रॅमच्या दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून पाहिल्याने सदोष पट्टी सापडते. यंत्राची तारीख व वेळ वारंवार चुकत असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला असे समजावे. डेस्कटॉपमध्ये तो बहुधा सीआर २०३२ या क्रमांकाचा, ३ व्होल्टचा असतो.

डिस्क सापडत नाही

‘सुरू होण्याजोगी डिस्क नाही’ अशा अर्थाचा संदेश आल्यास प्रथम एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिला आहे काय ते पाहावे. नंतर बायोसच्या यादीत डिस्कचे नाव दिसते काय हे तपासावे. नाव दिसत नसल्यास डिस्कची केबल सैल झालेली असू शकते. मात्र हार्ड डिस्कमधून ‘टक्‌ टक्‌’ असा आवाज येत असेल, तर संगणक तत्काळ बंद करावा. अशा स्थितीत ती फिरवीत राहिल्यास उरलेली माहितीही नष्ट होण्याचा संभव असतो. हे काम माहिती परत मिळविणाऱ्या तज्ज्ञाकडेच सोपवावे.

विंडोज अर्ध्यावर अडते

निळा पडदा दिसून संगणक पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर पडद्यावरील सांकेतिक शब्द लिहून घ्यावा अथवा त्याचे छायाचित्र घ्यावे. सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ फसल्यास विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखविते. तेथून आपोआप दुरुस्ती, शेवटचे अपडेट काढून टाकणे आणि ‘सेफ मोड’ हे उपाय या क्रमाने करावेत. सेफ मोडमध्ये मोजकेच आवश्यक भाग चालू होत असल्याने सदोष प्रोग्रॅम काढता येतो.

या पद्धतीचे महत्त्व १९ जुलै २०२४ रोजी जगाला दिसून आले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रॅमच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. त्यांतील बहुसंख्य कार्यालयांतील होते. त्यांचे भाग शाबूत होते, माहितीही शाबूत होती. सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाइल काढताच असे संगणक पूर्ववत सुरू होत. परंतु ज्यांची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती, त्यांना ४८ अंकी किल्ली शोधावी लागली. अनेक नव्या घरगुती संगणकांतही असे कुलूप आपोआप लागलेले असते. ही किल्ली बहुधा वापरकर्त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ती आजच कागदावर उतरवून जपून ठेवणे हिताचे आहे.

अधूनमधून बंद पडणारा संगणक

सुरू झाल्यावर काही वेळाने बंद पडणाऱ्या संगणकात उष्णतेचा संशय प्रथम घ्यावा. धुळीने पंखा व हवेच्या जाळ्या तुंबल्या, की प्रोसेसर तापतो आणि स्वसंरक्षणार्थ यंत्र बंद होते. कोरड्या ब्रशने धूळ काढल्यास पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. विजेच्या चढउतारापासून रक्षणासाठी यूपीएस वापरणे श्रेयस्कर.

माहिती प्रथम, दुरुस्ती नंतर

विंडोज सुरू होत नसले तरी डिस्क सुस्थितीत असू शकते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून, अथवा डिस्क काढून ती दुसऱ्या संगणकास जोडून, फाइलींची प्रत घेता येते. कुलूपबंद डिस्कसाठी मात्र वरील किल्ली लागतेच. अशी प्रत हाती आल्यानंतरच विंडोज नव्याने टाकण्याचा विचार करावा. दुरुस्तीस यंत्र देताना ‘विचारल्याशिवाय काहीही पुसू नये’ हे पावतीवर लिहून घ्यावे.

महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी, असा सर्वमान्य नियम आहे. महिन्यातून एक दिवस या कामासाठी नेमला, तर संगणक बंद पडणे ही आपत्ती न राहता केवळ दुरुस्तीची बाब ठरेल.