कर : सक्ती की सामाजिक ऋण?
(द्वितीय वर्ष, कला)

शुक्रवार पेठेतील आमच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक वाद ठरलेला असतो. वडिलांच्या पगारातून व्यवसाय कराचे २०० रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत ३००. "घाम माझा, मग पैसे दुसऱ्याला का?" असे ते विचारतात. हा प्रश्न अर्थशास्त्राचा तसाच नीतिशास्त्राचाही आहे.

१९७२ च्या दुष्काळात जिल्ह्यातील विहिरी आटल्या, तेव्हा माझी आजी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. त्याच सुमारास वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आली. मागेल त्याला काम द्यायचे तर पैसा हवा. म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदार व व्यावसायिकांनी कर द्यायचा आणि शासनाने तेवढीच भर घालायची, अशी ती व्यवस्था. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि काम मागणे हा ग्रामीण मजुराचा हक्क ठरला.

शहराने खेड्यासाठी का द्यावे? कारण शहर एकट्याच्या बळावर उभे नसते. मंगळवेढ्याची ज्वारी ज्या रस्त्याने सोलापुरात येते, त्याची खडी कोणीतरी फोडलेली असते. आपल्या कमाईत अशा अनेकांचा वाटा असतो. शिवाय मजुराने भीक घेतली नाही. श्रम देऊन पाझर तलाव व बांध उभे केले.

परंतु कर घेतला म्हणजे तो न्याय्य ठरला, असे नव्हे. शेतकऱ्याच्या श्रमातून आलेला महसूल वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, अशी तक्रार महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली होती. देतो कोण आणि मिळते कोणाला, हीच कराची खरी कसोटी. हजेरीपटावर खोटे नाव चढले, तर ती मजुराची आणि करदात्याची, दोघांचीही चोरी होय.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या शिक्षणाला जे शासकीय अनुदान लाभते, त्यात साबणाच्या वडीवर कर भरणाऱ्या आजीसारख्यांचाही पैसा आहे. हे ऋण मी कसे फेडणार?

वडिलांना हे सारे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "बरं, द्यायचं मी बघतो. हिशेब विचारायला तू शीक."